बहात्तर तासांच्या दोन गोळ्या

कोपरखैरण्यात आमचं मेडिकल आहे. रात्री नऊच्या सुमाराला काउंटरवर गर्दी होते. ठाण्याहून आलेली लोकल नुकतीच रिकामी झालेली असते. कुणाला बीपीच्या गोळ्या हव्या असतात, कुणाला डायपर, कुणाला अ‍ॅसिडिटीचं औषध. त्यात एखादा असा असतो की त्याला खरं तर काहीच घ्यायचं नसतं. तो खोकल्याच्या गोळ्यांची एक पट्टी मागतो, सुटे पैसे दोनदा मोजतो आणि काउंटर रिकामा व्हायची वाट बघत बाजूला उभा राहतो.

एका सोमवारी असाच एक मुलगा आला. पंचविशीचा, कंपनीचं आयकार्ड खिशात कोंबलेलं, निळी दोरी तेवढी बाहेर लोंबत होती. (ओळख पटू नये म्हणून त्याचे काही तपशील मी बदलले आहेत.) शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. लॅबचा निगेटिव्ह रिपोर्ट होता. एचआयव्ही: नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.

"ताई, म्हणजे सुटलो ना मी?"

"झालं कधी?"

"शनिवारी. रात्री अकराला."

"आणि रक्त कधी दिलंस?"

"काल सकाळी. घरी येऊन घेऊन गेला माणूस."

तो सुटला नव्हता. शनिवारी रात्री जे झालं त्याबद्दल तो रिपोर्ट एक अक्षरही बोलत नव्हता. त्याच्या त्याआधीच्या आयुष्याबद्दल काय ते सांगत होता. आणि त्या रिपोर्टची वाट बघण्यात ४६ तास निघून गेले होते. एचआयव्हीची लागण रोखणारं औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करावं लागतं, त्यातले हातात २६ उरले होते.

अशा वेळी लोक नेमकं उलटं करतात. टेस्ट करायला धावतात आणि औषधाचा विचार टेस्टनंतर करू म्हणतात. खरं तर या प्रकरणात टेस्टला थांबावंच लागतं, औषधाला थांबता येत नाही. एवढं एक वाक्य शनिवारी रात्रीच त्याच्या कानावर पडलं असतं, तर पुढची धावपळ निम्मी झाली असती.

आधी एक गल्लत दूर करू. 'बहात्तर तासांची गोळी' म्हटलं की मेडिकलवाल्याला एकच गोष्ट कळते, गर्भधारणा टाळायची गोळी. ती चिठ्ठीशिवाय मिळते, एकदाच घ्यायची असते आणि तिचा एचआयव्हीशी काडीचाही संबंध नाही. दुसरी बहात्तर तासांची गोळी म्हणजे पेप. पूर्ण नाव पोस्ट-एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस, म्हणजे विषाणूशी संपर्क आल्याची शक्यता असेल तर लागण होऊ नये म्हणून नंतर घ्यायचं औषध. ते २८ दिवस घ्यावं लागतं आणि त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. या दोन्ही गोळ्या जितक्या लवकर घ्याल तितक्या चांगल्या. 'अजून दोन दिवस आहेत' असा हिशेब दोन्हींत चालत नाही.

इथे माझी एक चूक कबूल करते. कितीतरी वर्षं मी पहिली गोळी कागदी पाकिटात घालून दिली आणि दुसरीचं नाव काढलं नाही. समोरची मुलगी मान खाली घालून उभी आहे, तिला अजून कशाला घाबरवायचं, असं मनाला समजावत राहिले. पण ज्या प्रसंगातून दिवस जाऊ शकतात, त्याच प्रसंगातून एचआयव्हीही येऊ शकतो. आता मी पाकिटाबरोबर हळूच एक प्रश्न विचारते: "जोडीदाराचं सगळं माहीत आहे ना?" बहुतेक जणी हो म्हणून निघून जातात. एखादी थबकते.

वेशीवर अडवायचं

बहात्तर तास कुठून आले? एचआयव्ही शरीरात शिरल्या क्षणी रक्तभर पसरत नाही. योनी, गुदद्वार किंवा लिंगाच्या आतल्या नाजूक अस्तरातून तो आधी तिथल्या पेशींत जातो. त्या पेशी त्याला जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत, म्हणजे जांघेत वगैरे ज्या गाठी असतात तिथपर्यंत, नेऊन पोचवतात. याला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तिथून पुढे मात्र तो सगळीकडे जातो आणि पेशींच्या गाभ्यात स्वतःची जनुकीय माहिती अशी घुसवून टाकतो की आजच्या कोणत्याही औषधाने ती पूर्ण पुसता येत नाही.

पेप त्याला वेशीवर अडवते. गावात शिरला की उपयोग नाही.

सध्या नॅकोच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पेप म्हणजे एकाच गोळीत तीन औषधं: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. आमच्या धंद्यात तिला टीएलडी म्हणतात. पहिली दोन औषधं विषाणूला स्वतःची प्रत काढू देत नाहीत. तिसरं, काढलेली प्रत पेशीच्या गाभ्यात चिकटू देत नाही. हीच गोळी एचआयव्ही असलेली माणसं रोज घेतात, त्यामुळे हे काही जहाल, अघोरी औषध असेल ही भीती मनातून काढा.

२८ दिवसच का, याचंही कारण आहे. १९९०च्या दशकात माकडांवर प्रयोग झाले. २४ तासांच्या आत टेनोफोविर सुरू करून २८ दिवस दिलं, त्या माकडांना लागण झाली नाही. उशिरा सुरू केलं किंवा मध्येच थांबवलं तर संरक्षण कमी पडलं. माणसांवर असा प्रयोग मुद्दाम करता येत नाही हे उघड आहे. पण १९९७ साली आरोग्य कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचलेल्यांपैकी ज्यांनी झिडोव्ह्युडिन हे जुनं औषध घेतलं, त्यांच्यात लागणीची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी दिसली. आजची औषधं त्याहून सरस आहेत. तरी शंभर टक्के हमी कुणी देत नाही. पेप फसते तेव्हा बहुतेक वेळा उशिरा सुरुवात, मध्येच चुकलेल्या गोळ्या किंवा त्याच काळात पुन्हा आलेला धोकादायक संपर्क यांपैकी काहीतरी असतं.

मला गरज आहे का?

हा प्रश्न डॉक्टरांनी सोडवायचा, पण त्यांच्यासमोर जाण्याआधी तो आपल्यालाही थोडा सुटलेला बरा. नाहीतर माणूस एकतर उगाच घाबरून जीव अर्धा करतो, किंवा उगाच निर्धास्त राहतो.

एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, योनीतला स्राव, गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतून. थुंकी, घाम, अश्रू यांतून नाही. चुंबन, मिठी, मसाज, एकाच ताटात जेवण, लॉजचा टॉवेल, स्विमिंग पूल, यांतलं काही झालं असेल तर पेपचा विचारच नको. डासांबद्दलही मला नेहमी विचारतात. खाडीकाठी राहतो आपण, डासांची काही कमी नाही. पण डासाच्या पोटात एचआयव्ही टिकत नाही.

आता उरला प्रत्यक्ष संभोग. जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो उपचार घेत नाही आणि कंडोम नव्हता असं धरलं, तर दर १०,००० वेळांमागे लागण किती, याचे अंदाज संशोधकांनी काढले आहेत. गुदमैथुनात आत घेणाऱ्याला सुमारे १३८, करणाऱ्याला ११. योनीसंभोगात बाईला ८, पुरुषाला ४. मुखमैथुनात इतकं कमी की आकडा काढणंच अवघड. तुलनेसाठी, बाधित रक्ताची सुई टोचली तर २३.

हे आकडे बघून काही जण सुस्कारा सोडतात. दहा हजारात चार म्हणजे काहीच नाही! पण हे सरासरीचे आकडे आहेत. जोडीदाराला नुकतीच लागण झालेली असेल तर त्याच्या अंगात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो. दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाची जखम असेल, रक्त आलं असेल, जबरदस्ती झाली असेल, तर आकडा वर जातो. उलट बाजूने बघितलं तर भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे अनोळखी माणूस बाधित असेलच असंही नाही. डॉक्टर या दोन्ही बाजू तोलून ठरवतात. काय झालं ते सगळं खरं सांगा. 'मित्राला विचारायचंय' म्हणून सुरुवात केलीत तरी चालेल, पण तपशील खरे द्या. कुठल्या प्रकारचा संभोग झाला हे लाजेपोटी बदलून सांगितलं तर वरच्या आकड्यांप्रमाणे सल्लाच बदलतो.

कंडोम शेवटपर्यंत नीट होता तर पेप लागत नाही. फाटला, निसटला किंवा मध्येच काढला तर तो नव्हताच असं समजायचं.

एक मुद्दा मात्र मला जरा लांबवायचाय, कारण यात अन्याय होतो. एखाद्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं, "मला एचआयव्ही आहे, मी औषध घेतो, माझा व्हायरल लोड सापडत नाही इतका कमी आहे," म्हणजे रक्तातला विषाणू टेस्टमध्येही सापडत नाही, तर ऐकणाऱ्याची पाचावर धारण बसते. पण अशा माणसाकडून संभोगातून लागण होत नाही. हे कुणाचं धीर देणारं बोलणं नाही, मोजून बघितलेलं आहे. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या युरोपातल्या अभ्यासात अशा पुरुष जोडप्यांनी कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संभोग केल्याची नोंद होती. बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेल्या लागणी शून्य. खरी काळजी करायची ती "मला काही नाही" असं ठासून सांगणाऱ्या, पण कधीच टेस्ट न केलेल्या माणसाची. काउंटरवर आलेल्या त्या मुलाच्या बाबतीत समोरची व्यक्ती हेच म्हणाली होती.

जोडीदार टेस्टला तयार असेल तर उत्तमच. त्याने डॉक्टरांना निर्णय घ्यायला मदत होते, कधी पेप थांबवताही येते. पण त्याच्या रिपोर्टसाठी आपला पहिला डोस अडवून ठेवायचा नाही.

आणि धुण्याबद्दल. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, लघवीला जाऊन या. आत पाण्याचे फवारे मारणं, अँटिसेप्टिक ओतणं, लिंबू पिळणं (हो, हेही ऐकलंय) यांनी नाजूक अस्तर सोलवटतं आणि धोका वाढतो.

कुठे जायचं, काय बोलायचं

मी फार्मासिस्ट आहे. चिठ्ठीशिवाय टीएलडी मला देता येत नाही आणि देऊही नये, कारण आधी किडनी आणि हिपॅटायटिस बी बघावं लागतं. मी त्या मुलाला कागदावर एक वाक्य लिहून दिलं: 'शनिवारी रात्री ११ वाजता असुरक्षित संबंध आला, मला एचआयव्ही पेपचा पहिला डोस आत्ता हवा आहे.' म्हटलं, कॅज्युअल्टीत जाऊन हेच बोल. 'जरा बरं वाटत नाही' असं बोललास तर पॅरासिटामॉल घेऊन परत येशील.

पहिल्या ठिकाणी त्याला सकाळी ओपीडीला या असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीने कागद वाचला, दोन प्रश्न विचारले, रक्त घेतलं आणि रिपोर्टसाठी न थांबता गोळी दिली. रात्री साडेबारा वाजले होते. ४९ तास ३० मिनिटं. उशीर होता, पण हद्दीत होता.

वाशीचं महापालिकेचं रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय अशा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत असतं. त्या खोलीवर 'आयसीटीसी' अशी पाटी शोधायची. रविवार, सुट्टी, रात्र असेल तर थेट कॅज्युअल्टी. जवळचं केंद्र कोणतं हे १०९७ या नॅकोच्या मोफत हेल्पलाइनवर सांगतात, नाव विचारत नाहीत.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. सरकारी सूचनांमध्ये पेप प्रामुख्याने दोघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे: सुई टोचलेले आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेली व्यक्ती. संमतीने झालेल्या संबंधानंतर सरकारी खिडकीवर सगळीकडे सारखाच अनुभव येत नाही. नकार मिळाला, लेक्चर मिळालं, तर तिथे वाद घालत बसू नका. खाजगी एमडी फिजिशियन किंवा त्वचा आणि गुप्तरोग तज्ज्ञ गाठा, चिठ्ठी घ्या. प्रत्येक मेडिकलमध्ये टीएलडी ठेवलेली नसते. आम्हीही स्टॉकिस्टकडून मागवतो. म्हणून मोठ्या हॉस्पिटलच्या आसपासच्या दुकानांत आधी फोन करून विचारलेलं बरं.

अत्याचार झाला असेल तर गोष्ट वेगळी आणि सोपी. सरकारी असो की खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने प्रथमोपचार आणि उपचार तातडीने आणि मोफत द्यायचे, असा कायदा आहे. आधी पोलीस तक्रार करून या, मग बघू, असं कुणी म्हणू शकत नाही. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो लागू होतो, पण तिथेही औषध कागदपत्रांसाठी थांबत नाही.

पहिल्या दिवशीच्या रक्तात एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हरची एक तपासणी आणि बाई असेल तर गरोदरपणाची टेस्ट करतात. यातली हिपॅटायटिस बीची टेस्ट कुणी टाळू नये. टीएलडीमधली दोन औषधं हिपॅटायटिस बीवरही चालतात. तो आजार अंगात लपून असेल आणि २८ दिवसांनी औषध एकदम बंद केलं, तर लिव्हरचं दुखणं उसळू शकतं. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तीही याच वेळी सुरू करून टाकावी.

अठ्ठावीस दिवस

इथे मी माझ्या काउंटरवर येते, तेव्हा थोडं सविस्तर.

दिवसाला एक गोळी, रोज साधारण एकाच वेळी. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, फरक पडत नाही. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या, पण दोन दिवसांच्या दोन गोळ्या एकदम नको. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, विचित्र स्वप्नं किंवा झोप न लागणं होऊ शकतं. झोपेचा त्रास असेल तर गोळी सकाळी घ्यायची. बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत रुळतं. अंगावर पुरळ, डोळे पिवळे, लघवी कमी असं काही दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवा, मनानेच बंद करू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अ‍ॅसिडिटीच्या औषधाने. गोळीने पोटात जळजळलं की आपला माणूस गुलाबी बाटली तोंडाला लावतो. त्या औषधातलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतं, औषध अंगात पुरेसं जातच नाही. गोळी खाल्ली आणि न खाल्ल्यासारखीच. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच. म्हणून टीएलडी ही या औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. डायबिटीसची मेटफॉर्मिन चालू असेल, फिट्सची औषधं चालू असतील, टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. मेटफॉर्मिनचा डोस मर्यादित ठेवावा लागतो, टीबीच्या औषधाबरोबर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. डॉक्टरांना हे माहीत असतं, पण तुम्ही टीबीचं लपवलंत तर त्यांना कसं कळणार?

या काळात आणि शेवटची टेस्ट होईपर्यंत संबंधात कंडोम हवाच. आणि रक्तदान बंद. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे गणपती मंडळापासून सोसायटीपर्यंत सगळीकडे शिबिरं होतात आणि काही हुशार लोकांना वाटतं, रक्त दिलं की टेस्ट फुकटात होते. नुकतीच लागण झालेली असेल तर ती तिथल्या टेस्टमधूनही निसटू शकते, आणि ती पिशवी एखाद्या बाळंतिणीला चढते.

टेस्ट कधी

सकाळी पेरलं आणि दुपारी शेतात जाऊन उगवलं का बघितलं, तर काय दिसणार? रविवारचा रिपोर्ट तसा होता. नेहमीची टेस्ट मुख्यतः विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांवर चालते. ते तयार व्हायला दिवस लागतात. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात.

प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा पी२४ हा घटकही शोधणारी लॅबमधली चौथ्या पिढीची टेस्ट साधारण १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. बोटातून थेंब घेऊन होणाऱ्या साध्या रॅपिड टेस्टला २३ ते ९० दिवस लागू शकतात. पेप घेतली असेल तर टेस्ट साधारण सहाव्या आठवड्यात एकदा आणि बारा आठवड्यांनी पुन्हा. बाराव्या आठवड्यात निगेटिव्ह आली, मध्ये नवा धोका घेतलेला नसला, तर विषय संपला. मग दर महिन्याला नव्या लॅबमध्ये जाऊन खात्री करून घेण्यात पैसे घालवू नका. विषाणू थेट शोधणारी नॅट नावाची टेस्ट आधी निदान देते, पण ती महाग आहे आणि पेप चालू असताना फसवूही शकते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

मग पहिल्या दिवशीची टेस्ट करायचीच कशाला? कारण तेव्हाच पॉझिटिव्ह आली तर ती लागण आधीची आहे. तिथे पेप नाही, पूर्ण उपचार लागतात. ते सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांत, २००४ पासून मोफत मिळतात आणि वेळेवर सुरू केले तर आयुष्य साधारण इतरांइतकंच जगता येतं. एकाच टेस्टवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत हेही लक्षात ठेवा. आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या टेस्टनी पक्कं करतात.

लक्षणांवरून अंदाज बांधू नका. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसा, पुरळ, गाठी येऊ शकतात. पण नवी मुंबईच्या पावसाळ्यात ही लक्षणं डेंग्यूची असतात, साध्या व्हायरलची असतात आणि रात्रभर मोबाइलवर वाचत बसलेल्या माणसाला तर आपोआपच येतात. उलट काहींना काहीच होत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय टेस्ट नाही, रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला नाही, नोकरीसाठी एचआयव्हीचा रिपोर्ट मागता येत नाही. त्या मुलाची सगळ्यात मोठी भीती आजाराची नव्हतीच. कंपनीच्या मेडिक्लेमवर बिल टाकलं तर एचआरला कळेल का, ही होती. बिल रोखीत दे म्हटलं, त्या काळजीपायी आणखी एक रात्र घालवू नकोस.

अशी वेळ पुन्हा पुन्हा येत असेल तर पेप हा मार्ग नाही. त्यासाठी प्रेप आहे, म्हणजे संपर्काच्या आधीपासून घ्यायची गोळी. अमेरिकेत तिला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, नॅकोने २०२२ मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दर तीन महिन्यांनी टेस्ट करून ती चालू ठेवायची असते. पेप संपता संपता डॉक्टरांशी बोललं तर मध्ये खंड न पडता प्रेप सुरू करता येते. नवरा बाहेरचे संबंध ठेवतो, कंडोम वापरत नाही, आणि विचारायची सोय नाही, अशा बायकाही प्रेप घेऊ शकतात. त्यांना हे कुणी सांगत नाही.

तो मुलगा २९व्या दिवशी आला. या वेळी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या नाहीत, सरळ काउंटरवर डबी ठेवली. पहिली गोळी हॉस्पिटलची, त्यामुळे तीसच्या डबीत तीन उरल्या होत्या, खुळखुळत होत्या.

"ताई, ह्या परत घेता का?"

"उघडलेली डबी परत घेत नाही. आणि पुढच्या वेळेसाठी जपूनही ठेवायच्या नाहीत. तीन गोळ्यांनी काही होत नाही. टेस्टच्या तारखा लिहून ठेवल्यास का?"

त्याने मोबाइल दाखवला. सहाव्या आठवड्याचा शनिवार आणि बाराव्या आठवड्याचा शनिवार, दोन्हीकडे रिमाइंडर लावलेला. दोन्हीकडे एकच शब्द: पीयूसी.

"गाडी कुठली आहे तुझी?"

"गाडी नाहीये, ताई. आई फोन बघते."